डबा शेगडीचा

मार्गशीर्षातलं नवरात्र बसलं की आमच्या घरी येसराची चोरी होते. दरवर्षी होते. चोर सापडत नाही, आणि ज्याच्यावर एकदातरी संशय घेतला गेला नाही असं माणूस आता घरात उरलेलं नाही. एका वर्षी मांजरावरही घेतला होता. येसर खाणारं मांजर मी अजून पाहिलेलं नाही. तसं बोलून दाखवलं, तर आत्या म्हणाली, "तू कवा बघायलास मांजराकडं? दिवसभर तर त्या डबड्याकडं बघत बसायलास."

डबडं म्हणजे माझा लॅपटॉप. मी राहतो अंबाजोगाईत, योगेश्वरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, आणि नोकरी करतो पुण्यातल्या एका कंपनीत. काम लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नलमधलं, म्हणजे गाभ्यातलं, त्यातही मेमरीच्या वाटपाचं. घरात हे समजावून सांगायच्या भानगडीत मी पडत नाही. एकदाच मामांना सांगितलं होतं, "मी मेमरीचं काम बघतो." दुसऱ्या दिवशी सकाळी मामा स्वतःचा मोबाइल घेऊन हजर. "फोटो लई झालेत. जरा मेमरी मोकळी करून दे." करून दिली. तीत त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटोही मोकळे झाले. तेव्हापासून मामा मला हवापाण्यापलीकडचं काही विचारत नाहीत.

येसर ज्यांनी खाल्लेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: धान्य, डाळी आणि मसाला भाजून दळलेलं पीठ. फोडणीच्या पाण्यात कालवलं की पंधरा मिनिटांत वीस माणसांची आमटी होते. नवरात्रात ते लागतंच, कारण योगेश्वरी ही कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलदेवता. दर्शनाला मंडळी चिपळूण-रत्नागिरीहून येतात, पुण्यामुंबईहून येतात, आणि त्यांतली ओळखीची, ओळखीच्यांच्या ओळखीची आणि ओळख निघेल अशा आशेवर आलेली आमच्याकडे उतरतात. त्या दिवसांत मागच्या पडवीत चार शेगड्या मांडलेल्या असतात. शेगड्या चार, हात लावणाऱ्या बायका सात-आठ, आणि सूत्रं माझ्या आईकडे. आई स्वतः पळी हातात धरत नाही. कुणी कुठं बसायचं तेवढंच ती ठरवते. "तू ऊठ, हिला बसू दे. तू तिकडच्या शेगडीवर जा. तुझी भाजी राहू दे, आधी पाहुण्यांचा चहा टाक." कर्नलमध्ये या पदाला शेड्युलर म्हणतात. तोही स्वतः काही काम करत नाही आणि दुसऱ्या कुणाला एका जागी बसू देत नाही.

आजीच्या काळी ही भानगड नव्हती. येसर एका बळदात, बळदाला एक कुलूप, किल्ली आजीच्या कमरेला. मीठ हवं तर आजी, गूळ हवा तर आजी. एक सून आत गेली की बाकीच्या दाराशी उभ्या. शेगड्या चार असल्या तरी एका वेळी पेटायची एकच. लिनक्समध्येही अगदी हेच होतं. १९९६ साली २.० ही आवृत्ती आली, तिच्यात एकाहून जास्त प्रोसेसर चालवायची सोय झाली, आणि सगळ्या कर्नलला मिळून एकच कुलूप लावलं गेलं. बिग कर्नल लॉक. प्रोसेसर कितीही असोत, कर्नलच्या माजघरात एका वेळी एकच जाणार. ते कुलूप पुरतं निघायला २०११ चा मे महिना उजाडला. आजी त्याच्या आधीच गेली. पण तिची किल्ली सापडायला आम्हालाही बरेच दिवस लागले.

मग आईनं सुधारणा केली. बळदाची किल्ली आत्याकडे, पण प्रत्येक शेगडीपाशी येसराचा एकेक छोटा डबा. डबा संपला की आत्याकडे जायचं, कुलूप काढायचं, एकदम आठ वाट्या भरून आणायच्या. फार साठलं तर तसंच परत करायचं. मधल्या मध्ये वाटीभर लागलं तर कुणाला विचारायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. कर्नलमध्ये असंच चालतं. मेमरीचं एक पान म्हणजे बहुतेक यंत्रांवर चार किलोबाइट. मोकळ्या पानांचं मोठं बळद सगळ्यांचं मिळून एक, त्याला कुलूप. शिवाय प्रत्येक प्रोसेसरचा स्वतःचा छोटा डबा, त्यात थोडी पानं. बरीच वर्षं त्याला कुलूप नव्हतं. ज्याचा त्याचा डबा, भांडायला दुसरं आहे कोण?

"आपल्याच डब्याला कुलूप लावतं का कुणी!" आई म्हणाली होती. थोड्याफार फरकानं कर्नल लिहिणारेही हेच म्हणाले होते.

पहिल्या वर्षीच सोळा वाट्यांचा फरक आला.

एका वाटीचा फरक मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, म्हणून तो नीट सांगतो. डब्याच्या झाकणावर चिकटपट्टीनं एक कागद लावलेला असतो, त्यावर पेन्सिलीनं शिल्लक वाट्यांचा आकडा. त्या दिवशी दोन नंबरच्या शेगडीवर मधल्या वहिनी होत्या. त्यांनी वाटी भरून घेतली, कागद पाहिला. सहा. म्हणजे आता पाच लिहायचे. पेन्सिल उचलली तोच दारावरची बेल वाजली. दूधवाला. त्यानं दूध घातलं आणि म्हणाला, "वहिनी, घरी पाव्हणे आलेत, वाटीभर येसर असलं तर द्या की." वहिनींनी त्याच डब्यातून वाटी दिली, कागदावरचे सहा खोडून पाच लिहिले, दार लावलं, परत येऊन बसल्या. आता डोक्यात काय होतं? मघाचेच सहा. सहातून एक गेला, पाच. कागदावर पाच आहेतच. वा! वहिनींना वाटलं आपण आधीच लिहिलंय. डब्यातून वाट्या गेल्या दोन, कागदावरून गेली एक.

चोर वहिनी, फिर्यादी वहिनी, डबा वहिनींच्या मांडीवर. दुसऱ्या कुणाचा हातसुद्धा लागला नाही.

दूधवाल्याच्या बेलला प्रोसेसर इंटरप्ट म्हणतो. नेटवर्कवरून काही आलं, डिस्कचं काम झालं, घड्याळाचा ठोका पडला, की हातातलं तसंच टाकून उठायचं. उठून जे काम करायचं त्यालाही नेमकी त्याच डब्यातली मेमरी लागते. आकडा वाचणं, त्यातून एक वजा करणं, परत लिहिणं, या तीन पायऱ्या. दूधवाला नेहमी दुसऱ्या पायरीवर येतो. इंटेलच्या धाटणीच्या प्रोसेसरवर या तीन पायऱ्या एकाच सूचनेत उरकता येतात, म्हणजे बेल वाजली तर वाटी काढायच्या आधी तरी वाजेल नाहीतर आकडा लिहून झाल्यावर तरी. वहिनींना मी तसं सुचवून पाहिलं. एका हिसक्यात वाटीही काढायची आणि आकडाही लिहायचा. त्यांनी एका हिसक्यात माझ्याकडे पाहिलं.

दुसरा घोटाळा याहून खोल. तो कळायला मला दोन नवरात्रं लागली.

प्रत्येक बाई म्हणते, "माझा डबा." डबा तिचा नसतोच. डबा शेगडीचा असतो. एक नंबरच्या शेगडीपाशी जी बसेल, तिनं एक नंबरचा डबा वापरायचा. पण आई मध्येच म्हणते, "ऊठ, तिकडं जा." धाकट्या वहिनी तीन नंबरवर होत्या. डबा मांडीवर, झाकण उघडं, मोजणी अर्ध्यावर. हाक आली, उठल्या, पाहुण्यांना पाणी दिलं, परत आल्या तर तीन नंबरवर मोठ्या काकू. आईनं धाकट्या वहिनींना एक नंबरवर बसवलं. त्या बसल्या, आणि मघाची मोजणी तिथून पुढं चालू केली. मोजत होत्या तीन नंबरचा डबा, आकडा लिहिला एक नंबरच्या कागदावर. तीन नंबरला मोठ्या काकू त्याच वेळी तोच डबा पहिल्यापासून मोजत होत्या. दोघी शहाण्या, दोघी शाळेत गणितात पहिल्या.

कर्नलमध्ये यासाठी एक साधा प्रश्न विचारायची सोय आहे: मी आत्ता कोणत्या प्रोसेसरवर आहे? थोडक्यात, मी कोण? उत्तर येतं, तीन. पण उत्तर हातात पडेपर्यंत शेड्युलरनं उचलून एक नंबरवर बसवलेलं असू शकतं. तुम्ही आपले तीन नंबरचेच समजून पुढचा व्यवहार करत राहता. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे, ज्यांच्या विवेकसिंधूचा सगळा खटाटोप 'मी कोण' याच प्रश्नासाठी, त्या गावात बसून मी महिना पगार घेऊन याच प्रश्नाचं चुकीचं उत्तर देत होतो. त्यांनी तरी सोडवला होता.

माझी कंपनीतली भानगड याच सुमाराची. आठ प्रोसेसरचं एक यंत्र. दर तीन-चार दिवसांनी, शक्यतो रात्री दोनच्या पुढं, कोसळायचं. पाहावं तर एका डब्याच्या कागदावर सात आणि आत पानं सहा. मी शोध सुरू केला. यंत्राचा लॉग छापून घेतला असता तर दासोपंतांच्या लांबलचक पासोडीशी बरोबरी झाली असती. फरक इतकाच की पासोडीवर पंचीकरण आहे, आणि ती पाहायला लोक मुद्दाम अंबाजोगाईला येतात.

मी जागोजागी ओळी घातल्या: इथं आलो, इथून गेलो, आकडा इतका. दोष गायब. आठ दिवस यंत्र गाईसारखं शांत. ओळी काढल्या, त्याच रात्री कोसळलं. परत घातल्या, परत शांत. पाहायला लागलं की नाहीसा होणारा दोष. याला आमच्या धंद्यात हायझेनबग म्हणतात. तिकडं पडवीत आत्या स्टूल टाकून, हातात जपमाळ घेऊन चारी डब्यांवर नजर ठेवून बसली होती. त्या दिवशी एक चिमूटभर येसर कमी आलं नाही. दुपारी ती आडवी झाली तासभर. उठली तर दोन वाट्या गेलेल्या.

"म्हंजी मी बसल्याबिगर चालतच नाही," आत्या म्हणाली. हे तिचं लाडकं वाक्य. निष्कर्ष चूक होता, पण मी काय बोलणार? मीही साहेबांना कळवलं होतं की ओळी तशाच ठेवून ग्राहकाला देऊन टाकू.

आता उपाय. घरात उपायांना तोटा नाही.

मामांनी पहिला उपाय काढला. मामा रेल्वेतून निवृत्त झाले. बीडला रेल्वे आली १७ सप्टेंबर २०२५ ला, त्या दिवसाचा पेढा ते अजून तोंडात असल्यासारखे बोलतात. पण परळीला त्याच्या कितीतरी आधीपासून होती, हे सांगायलाही विसरत नाहीत. ते म्हणाले, "एकेरी रुळावर आम्ही काय करायचो? गोळा. ड्रायव्हरच्या हातात टोकनचा गोळा असल्याशिवाय गाडी सुटत नाही. एक गोळा, एक गाडी. तसा तुम्ही एक गोळा करा. ज्या बाईच्या हातात गोळा, तिनंच येसराला हात लावायचा."

कल्पना वाईट नव्हती. डायक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञानं साठच्या दशकात संगणकातल्या अशाच कुलपाचं नाव रेल्वेच्या सिग्नलवरूनच घेतलं, सेमाफोर. गोळा म्हणून आम्ही बेलाचं वाळलं फळ घेतलं. सकाळी सव्वाअकराला चारी शेगड्यांवरच्या बायका एका बेलफळाकडे टक लावून उभ्या होत्या आणि आमटीचं पाणी आटत होतं.

"ही तर आजीच की!" आई म्हणाली. बेलफळ देवघरात गेलं.

मग माझ्या बायकोनं नियम काढला. मोजणी चालू असताना कुणी कुणाला उठवायचं नाही, आईनंसुद्धा नाही. हा कर्नलमधला जुना, खात्रीचा उपाय. 'मी आत्ता नाजूक काम करतो आहे, मला हलवू नका' असं शेड्युलरला सांगायचं, काम चार-दोन क्षणांत उरकायचं आणि लगेच सोडायचं. यातली गोम 'लगेच सोडायचं' यात आहे. थोरल्या वहिनींच्या ध्यानात आलं की मोजणी चालू असेपर्यंत आपल्याला कुणी पाणी आण म्हणत नाही, पानं वाढ म्हणत नाही. त्या डबा मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या.

"वहिनी, झालं का?"

"मोजायलेय की."

पाच मिनिटांनी, "वहिनी?"

"चुकलं बघा तुमच्या बोलण्यानं. आता पहिल्यापासनं."

पाऊण तास मोजल्या त्यांनी नऊ वाट्या. मधून मधून डोळे मिटून मोजत होत्या. आई पडवीच्या खांबाला धरून नुसती बघत राहिली. हयातीत पहिल्यांदा तिचं कुणी ऐकत नव्हतं, आणि तेही नियमानं. हे कर्नलमध्येही होतं. एखादा कोड हलवू नका म्हणून बसतो तो उठतच नाही, आणि तिकडे आवाज तुटत राहतो, पडदा अडकतो. आमच्या कंपनीत तर माणसंही अशी आहेत, ती दर मंगळवारी 'महत्त्वाच्या कामात' असतात.

शिवाय या नियमानं दूधवाला थांबत नाही. त्याच्यासाठी बेलही बंद करावी लागते. ते केलं दुसऱ्या दिवशी. दाराला आतून कडी, बेलचं बटण बंद, मोबाइल पिशवीत. हिशेब अचूक लागला. पण एकीकडचं दूध उतू गेलं, गॅसवाला सिलिंडर न देताच परत गेला, आणि चिपळूणचं एक कुटुंब रात्रभराच्या प्रवासानं आंबून आमच्या ओट्यावर अर्धा तास बसून राहिलं. त्यांतल्या आजोबांनी नंतर जेवताना विचारलं, "तुमच्याकडे दर्शनाआधी असं बसवण्याची पद्धत आहे का?"

आणि कडीची खरी अडचण वेगळीच निघाली. संध्याकाळी मी पडवीत गेलो तर दाराला कडी. आत कुणी मोजत नव्हतं. विचारलं, "कडी कशाला लावलीय?"

बायको म्हणाली, "मघा लावलेली होती म्हणून."

"पण कशासाठी लावली होती?"

"ते काकूंना विचारा."

काकू म्हणाल्या, "मी आले तेव्हा लागलेलीच होती. म्हटलं असेल काहीतरी, काढायला नको."

कर्नलचं दुखणं नेमकं हेच होतं. जिथं तिथं 'हलवू नका' आणि 'बेल बंद' लिहिलेलं, पण राखण कशाची चालू आहे ते कुठंच लिहिलेलं नाही. काढायचं धाडस कुणाला होत नाही. मग ऑगस्ट २०२० मध्ये ५.८ आवृत्तीबरोबर लोकल लॉक आलं. त्यात कडीला नाव असतं: ही कडी या डब्यासाठी. साध्या यंत्रावर ती पूर्वीइतकीच हलकी पडते. पण जिथं क्षणाचाही उशीर चालत नाही अशा, कारखान्यातल्या वगैरे, यंत्रांवर तिचं खरंखुरं कुलूप होतं, म्हणजे मोजणी चालू असतानाही तातडीच्या माणसाला शेगडी मिळते, फक्त त्या एका डब्याला हात लावता येत नाही. तातडीचं ते लिनक्स मुख्य कर्नलमध्ये यायला वीस वर्षं लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये व्हिएन्नात थॉमस ग्लाइक्सनर यांनी शेवटची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात गुंडाळून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या हातात दिली.

हे मी भारावून जेवताना सांगितलं.

"सोनेरी कागदात काय होतं?" आत्यानं विचारलं.

"कागदच."

"वीस वर्षानं आहेर केला आन् कागद दिला?" आत्या म्हणाली. "आपल्याकडचेच दिसतेत कुणी."

नाव लिहिलेल्या चार चिठ्ठ्या मी डब्यांना बांधल्या. फरक पडला, खोटं कशाला बोला. पण सगळ्यांत नामी युक्ती काढली नववीतल्या पुतणीनं. ती म्हणाली, काका, कुणाला थांबवायचंच नाही. प्रत्येक कागदावर आकड्याशेजारी एक नंबर लिहायचा. पहिल्या शेगडीचे नंबर एक, पाच, नऊ. दुसरीचे दोन, सहा, दहा. असे, म्हणजे दोन शेगड्यांचा नंबर कधी सारखा येणारच नाही. व्यवहार झाला की नंबर पुढं सरकवायचा. लिहायच्या आधी बघायचं, सुरुवातीला पाहिलेला नंबर अजून तोच आहे का? असेल तर लिहा. नसेल तर मध्ये दूधवाला तरी येऊन गेला किंवा आपली शेगडी तरी बदलली. सगळं सोडून पहिल्यापासून करा.

मी घास हातात धरून बसून राहिलो. कर्नलमध्ये लहान लहान वस्तूंसाठी मेमरी देणारा स्लब नावाचा विभाग आहे, तो वर्षानुवर्षं अगदी हेच करत आला. नंबरांची चाल सुद्धा हीच. हे मला समजायला पंधरा वर्षांची नोकरी लागली होती. पुतणीला मी दोन पेढे दिले आणि कंपनीत काही सांगू नकोस म्हणालो. युक्ती चालली मात्र फक्त तिच्यापुरती. थोरल्या वहिनींनी 'सगळं सोडून पहिल्यापासून' एवढंच उचललं.

मग एके दिवशी बळद रिकामं झालं. पुण्याहून एक जास्तीची गाडी आली, बावीस माणसं, न कळवता. आत्यानं तळाशी वाटी घासली आणि ओरडली, "आपापल्या डब्यातलं आणून टाका गं सगळ्या!" यालाही कर्नलमध्ये जागा आहे. मोठ्या बळदात खडखडाट झाला की सगळ्या प्रोसेसरना सांगतात, आपापली पानं परत करा. तीन डबे आले. चौथ्या शेगडीवर मोठ्या काकू नैवेद्याचं करत होत्या. सोवळ्यात. त्यांना शिवायचं नाही, त्यांच्या डब्याला शिवायचं नाही, आणि त्या तासभर बोलणार नाहीत. डबा काठोकाठ भरलेला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि इकडं बावीस माणसं पाटावर.

मला हसू आवरेना. कारण अशा सोवळ्यातल्या प्रोसेसरनी कर्नलवाल्यांनाही छळलं होतं. काही प्रोसेसर एकाच कामाला वाहिलेले, त्यांना मध्ये हाक मारायची नाही असं ठरलेलं. मग त्यांच्या डब्यातली पानं काढायची कशी? २०२२ मध्ये मेल गॉर्मन वगैरे मंडळींनी तोड काढली. प्रत्येक डब्याला आता खरंच एक छोटं कुलूप लावायचं. ज्याचा डबा तो ते बहुतेक वेळा विनासायास उघडतो, पण गरज पडली तर दुसराही येऊन, सोवळ्यातल्याला न उठवता, उघडू शकतो. म्हणजे पंधरा-वीस वर्षं 'आपल्या डब्याला कुलूप कशाला' म्हणत शेवटी कुलूपच.

"हसायलास काय? काढ की तोड," आई म्हणाली.

मी सांगितलेली तोड अशी की मुलांना सोवळं लागत नाही, तेव्हा धाकट्या पुतण्याला पाठवा. तो गेला, डबा उचलला, आणि काकूंच्या पदराला धक्का लागून नैवेद्याच्या पुरणावर सांडला. काकू तासाभरानं बोलल्या. बराच वेळ बोलल्या.

त्या रात्री माझाही दोष सापडला. अडीच वाजले होते. एका फाइलमध्ये कुणीतरी आधी प्रोसेसरचा नंबर विचारून घेतला होता, मग मेमरी मागितली होती, जी मागताना झोप लागू शकते, आणि जागं झाल्यावर जुन्याच नंबरच्या डब्यात हात घातला होता. तीन नंबरवर झोपला, एक नंबरवर उठला, आणि तीन नंबरचा डबा उघडला. धाकट्या वहिनी, दुसरं काय! ओळ कुणी लिहिली हे सांगणारी आज्ञा आहे, तिचं नावच ब्लेम. मी मोठ्या हौसेनं ती चालवली. ओळीपुढं माझं नाव आलं. दोन वर्षांपूर्वीची तारीख. सोबत मीच लिहिलेला शेरा: 'किरकोळ दुरुस्ती.'

अशी चूक झाली तर कर्नल स्वतः कळवतो. 'बग: यूझिंग एसएमपी प्रोसेसर आयडी इन प्रीएम्प्टिबल कोड', असं लॉगमध्ये ठणठणीत छापून येतं. आमच्याकडे का आलं नाही? तर ती तपासणी बंद होती. फार कटकट करते म्हणून बंद केली होती. कुणी, ते विचारायला मी ब्लेम चालवलं नाही.

पौर्णिमेला, योगेश्वरीची यात्रा आटोपून मंडळी पांगल्यावर, आत्या वही घेऊन बसली. शेगडीवाल्या दर वाटीला तिच्याकडे येत नाहीत. बोटांवर मोजतात, हात भरला की येऊन सांगतात, आणि कुणाचं किती सांगायचं राहिलंय हे कुणालाच ठाऊक नसतं. कर्नलचे आकडेही असेच येतात. प्रत्येक प्रोसेसर आपला फरक एका बाइटात जपून ठेवतो, फार तर सव्वाशेपर्यंत, आणि मग मोठ्या वहीत घालतो. आत्यानं दळलेलं मांडलं, वापरलेलं वजा केलं, चष्मा पुसला, परत वजा केलं.

"उणे दोन वाट्या," ती म्हणाली. "होतं त्याच्यापेक्षा दोन वाट्या जास्त खाल्ल्या का रं पाव्हण्यांनी? उणे येसर म्हंजी काय असतंय?"

"आमच्याकडेही येतं असं कधीकधी," मी म्हणालो. "उणे पानं शिल्लक."

"मग काय करताव?"

"शून्य दाखवतो."

"आन् चालतंय?"

"सगळ्या जगात चालतंय."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की जन्मात पहिल्यांदा माझ्या नोकरीचा तिला काही उपयोग दिसला असावा. तिनं उणे दोन खोडले, त्याखाली मोठ्ठं पूज्य काढलं, वही मिटली. मग उठली, बशीभर दूध घेऊन मागच्या दारी गेली आणि मांजराला हाक मारली. मांजर काही आलं नाही.

"रागवलंय," आत्या म्हणाली.

मी पाहिलं. ते तीन नंबरच्या शेगडीवर झोपलं होतं.